स्वगताचा अधिकार

नाटकातले एखादे पात्र रंगमंचावर एकटे उरते आणि मोठ्याने बोलू लागते. ऐकायला दुसरे पात्र तिथे नसते. तरीही ते बोलते, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. या बोलण्याला आपण स्वगत म्हणतो. रस्त्यावर कोणी असे बोलू लागला तर लोक त्याला वेड्यात काढतात. नाटकात मात्र हेच बोलणे सर्वांत खरे मानले जाते. चारचौघांत खोटे बोलणारा खलनायकसुद्धा स्वगतात खरे बोलतो. हा नाटककार आणि प्रेक्षक यांच्यामधला जुना करार आहे.

मी बी. ए.च्या वर्गाला इंग्रजी नाटक शिकवतो. ‘स्वगताचे कार्य स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत फिरून फिरून येतो आणि त्याचे उत्तर गाइडात तयार असते: स्वगत माहिती देते, पात्राचे अंतरंग उघड करते, कथानक पुढे नेते. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. गाइड जो प्रश्न विचारत नाही, तोच आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. स्वगत कोणाच्या वाट्याला येते? नाटकात एकटे उभे राहून स्वतःशी विचार करण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि कोणाला नसतो? प्रस्तुत लेखात स्वगताची ओळख करून देत या प्रश्नापर्यंत जायचे आहे.

१

आधी शब्दांचा घोळ दूर करू. एकट्याचे लांबलचक बोलणे म्हणजे स्वगत नव्हे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये शायलॉक ज्यूंच्या माणूसपणाविषयी जे प्रसिद्ध भाषण करतो, ते त्याला हिणवणाऱ्या दोघा ख्रिस्ती गृहस्थांच्या तोंडावर केलेले आहे. ते स्वगत नाही, तो जबाब आहे. रंगमंचावर इतर पात्रे असताना त्यांना ऐकू जात नाही असे गृहीत धरून बोललेले एखादे वाक्यही आजच्या अर्थाने पूर्ण स्वगत नव्हे.

संस्कृत नाट्यशास्त्राने या बोलण्याचे प्रकार बारकाईने पाडले होते. स्वतःपुरते बोलणे ते ‘स्वगत’ किंवा ‘आत्मगत’. इतरांना चुकवून एकाशीच बोलणे ते ‘जनान्तिक’ आणि ‘अपवारित’. समोर नसलेल्या पात्राशी आकाशाकडे पाहून बोलणे ते ‘आकाशभाषित’. मराठी नाटकाने ‘स्वगत’ हा शब्द तिथूनच उचलला. परंतु त्याच संस्कृत नाटकाने भाषेचीही वाटणी केली होती. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार. बहुतेक स्त्रिया, सेवक आणि खालच्या मानलेल्या जाती प्राकृत बोलणार. कोण बोलतो हे ऐकण्याआधीच त्याची पायरी कानाला कळावी, अशी ही सोय होती.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर भिंतीला भोक पाडून चोरी करतो आणि त्या वेळी एकट्याने दीर्घ बोलतो. मापाची दोरी विसरली म्हणून तो जानव्यानेच भोकाचे माप घेतो. चोरालाही मन आहे, विनोदबुद्धी आहे, पेच आहे, हे आपल्याला त्याच्या स्वगतातून कळते. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाळ येतात. ते प्राकृत बोलतात. आम्ही चांडाळकुळात जन्मलो असलो तरी चांडाळ आम्ही नव्हे, सज्जनाला छळणारे तेच खरे चांडाळ, असा विचार ते मांडतात. केवढा मोठा विचार! पण तो त्यांना चालता चालता, हातातले काम करता करता सांगावा लागतो. चोरी करणाऱ्या ब्राह्मणाला नाटककाराने एकांत दिला. मारण्याचे काम ज्यांच्यावर लादले त्या चांडाळांना मात्र आपल्या कामाविषयी स्वतःशी बोलायला निवांत क्षण नाही.

२

आता पाश्चात्त्य शोकांतिकेकडे वळू. ग्रीक शोकांतिकेत खरे स्वगत दुर्मीळ आहे. याचे कारण रचनेतच आहे. वृंद एकदा प्रवेशला की सहसा शेवटपर्यंत जागा सोडत नाही. त्यामुळे नायक एकटा सापडतच नाही. युरिपिडीसच्या ‘मीडिया’ (इ. स. पू. ४३१) मध्ये मुलांना मारू की नको असे मीडिया स्वतःच्या काळजाशी भांडते, पण कॉरिंथच्या बायकांचा वृंद तिथेच उभा असतो. सोफोक्लिसच्या ‘अजॅक्स’मध्ये वृंद बाहेर जातो आणि नायक तलवारीसमोर एकटा बोलतो, हा प्रसंग म्हणूनच वेगळा उठून दिसतो. ग्रीक माणसाचे दुःख गावासमोर घडत होते.

शेक्सपिअरच्या काळात स्वगत शोकांतिकेचा कणा झाले. पण त्याचे रंगमंदिर कसे होते हे विसरून चालणार नाही. १५९९ साली उभे राहिलेले ग्लोब थिएटर वरून उघडे होते. प्रयोग दिवसाउजेडी होत. रंगमंच अंगणात पुढे आलेला आणि तिन्ही बाजूंना एक पेनी देऊन उभे राहिलेले लोक. नटाला त्यांचे चेहरे दिसत होते. तेव्हा स्वगत म्हणजे अंधारातली कुजबूज नव्हती. ते समोरच्या गर्दीला विश्वासात घेणे होते. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाचे बोलणे मध्येच तोडून लोकांकडे वळतो, त्याच्याशी या रीतीचे नाते अधिक जवळचे आहे. पुढे बंदिस्त, अंधाऱ्या नाट्यगृहात बसून आपण स्वगताला केवळ ‘अंतर्मन’ समजू लागलो.

‘हॅम्लेट’मध्ये नायकाची स्वगते साधारणपणे सात मोजतात. बाप मारला गेला आहे, चुलता गादीवर बसला आहे, सूड घेण्याचे कर्तव्य अंगावर आहे आणि हात उचलत नाही. प्रत्येक स्वगत कृतीला थोपवून धरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर प्रत्येक स्वगत नायकाला नुसत्या सूडाच्या यंत्रापासून वाचवते. शंका घेणारा माणूस आपल्याला तिथे भेटतो. पाचव्या अंकात हॅम्लेट एकही स्वगत बोलत नाही. मनाचा निकाल लागला की स्वगत संपते.

जगण्या-मरण्याविषयीच्या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगतात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ओफिलिया दिसेपर्यंतच्या त्या सगळ्या विचारात ‘मी’ हा एकवचनी शब्द येत नाही. माणसाला सहन कराव्या लागणाऱ्या गोष्टींची तो यादी करतो: जुलूम करणाऱ्याचा अन्याय, गर्विष्ठाने केलेली मानहानी, न्यायाला लागणारा विलंब, अधिकाऱ्यांची मुजोरी, लायक माणसाला नालायकांकडून खावी लागणारी लाथ. मी वर्गात विचारतो: यातले राजपुत्राने नेमके काय भोगले? कोर्टाच्या पायऱ्या त्याने कधी झिजवल्या? कचेरीतल्या कारकुनाने त्याला कधी ताटकळत ठेवले? ही यादी राजवाड्यातली नाही. ती अंगणात उभे राहून नाटक पाहणाऱ्यांची आहे. दुःख रयतेचे आणि तोंड राजपुत्राचे, असा हा प्रकार आहे. शेक्सपिअरचे मोठेपण असे की ती यादी त्याने गाळली नाही. त्याच्या काळाची मर्यादा अशी की ती बोलायला राजपुत्रच लागला.

याच नाटकात थडगी खोदणारा एक मजूर येतो. तो वादात हॅम्लेटला सहज गप्प करतो. पण त्याला स्वगत नाही. तो खोदता खोदता गातो. असे काम करताना याला गाणे सुचते कसे, असा प्रश्न हॅम्लेटला पडतो; आणि कमी राबणाऱ्या हाताची जाणीव अधिक कोवळी असते, अशा अर्थाचे तो काही बोलून जातो. वरच्या वर्गाची सगळी सौंदर्यदृष्टी या एका उद्गारात आली आहे. राबणाऱ्याच्या गाण्यात विचार असू शकतो हे त्याला सुचत नाही.

३

‘ऑथेल्लो’ आपण आणखी बारकाईने वाचले पाहिजे. व्हेनिसच्या गोऱ्या समाजात काळ्या वर्णाचा ऑथेल्लो पराक्रमाच्या बळावर सेनापती झाला आहे. त्याला नष्ट करणारा इयागो हा त्याच्याच हाताखालचा. पूर्वार्धात एकामागून एक स्वगते मिळतात ती इयागोला. आपला डाव तो आधी प्रेक्षकांना सांगतो, मग खेळतो. परिणाम असा होतो की प्रेक्षक ऑथेल्लोकडे इयागोच्या डोळ्यांनी पाहू लागतो. ऑथेल्लोच्या वाट्याला एकांत येतो तो फार उशिरा, आणि मनात संशयाचे विष भिनल्यावर. निजलेल्या डेस्डेमोनाला मारण्यापूर्वी तो जे बोलतो तेव्हा विचार करण्याची वेळ टळून गेलेली असते. ज्याच्याकडे स्वगत, त्याच्याकडे प्रेक्षकाचा कान. हा नियम इथे उघडा पडतो. गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून ‘झुंझारराव’ मराठीत आणले, त्याचा प्रयोग १८९० साली झाला. ऑथेल्लोच्या वर्णाचा प्रश्न आपल्याकडे जातीच्या प्रश्नाला किती सहज भिडला असता! पण आपल्या रंगभूमीने त्यात प्रामुख्याने संशयाची आणि मत्सराची शोकांतिका पाहिली.

‘किंग लिअर’मधला एडमंड औरस मुलगा नाही. नुसत्या जन्मावरून आपल्याला हीन का म्हणतात, असा रोकडा सवाल तो स्वगतात करतो. जन्मावर आधारलेल्या प्रतिष्ठेला दिलेले इतके थेट आव्हान त्या काळच्या नाटकात क्वचितच सापडेल. परंतु हा प्रश्न नाटककाराने खलनायकाच्या तोंडी घातला आहे. प्रश्न रास्त आणि विचारणारा दुष्ट. त्यामुळे प्रेक्षक प्रश्न ऐकतो आणि घरी जाताना विसरतो. प्रश्न विचारणाऱ्याचे चारित्र्य पुढे करून प्रश्न बाजूला सारण्याची ही युक्ती आपल्या कार्यकर्त्यांना अनोळखी नाही.

४

मराठीत स्वगत इंग्रजी शिक्षणाबरोबर नव्या रूपात आले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षी कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. खटल्याच्या वेळी त्यांना जामीन राहिले ते जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे. हा तपशील नाट्यइतिहासात सहसा कोणी सांगत नाही. पुढे गणपतराव जोशी यांनी मराठी हॅम्लेट गाजवला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) सुधाकराची स्वगते आली. वकिलीतला अपमान, दारू, पश्चात्ताप आणि पुन्हा दारू, असा उतरता जिना त्या बोलण्यातून दिसतो. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली. इब्सेनच्या वळणाच्या वास्तव नाटकात माणूस स्वतःशी मोठ्याने बोलणे खोटे वाटू लागले आणि स्वगत मागे पडले.

१९७० साली ‘नटसम्राट’ने ते पुन्हा मध्यभागी आणले. वि. वा. शिरवाडकरांचा गणपतराव बेलवलकर हा लिअरच्या जातकुळीतला म्हातारा नट. मुलांच्या घरांतून बाहेर पडून तो अखेर रस्त्यावर येतो. तिथे त्याला माया लावतो तो राजा नावाचा बूटपॉलिश करणारा पोरगा. बेलवलकरांच्या स्वगतांनी श्रीराम लागूंपासून पुढच्या कितीतरी नटांची कसोटी पाहिली, आणि ती ऐकून माझेही डोळे भरून येतात. पण राजा? तो रस्त्यावर आला तो कोणत्या घरातून? ज्या फुटपाथवर येणे ही बेलवलकरांची शोकांतिका, तो फुटपाथ राजाचा रोजचा पत्ता आहे. तो ऐकतो, सांभाळतो, आसरा देतो. त्याचे स्वगत कोणी लिहिलेले नाही.

इथे ॲरिस्टॉटलची अट आठवते. शोकांतिकेचा नायक नामांकित घराण्यातला, कीर्तिमान असावा; म्हणजे त्याचे पतन जाणवते. जो उंचावर नाही त्याचे पतन कसले, असा हा हिशेब. आपल्याला तो मान्य करता येणार नाही. ज्याला जमिनीवरून उठूच दिले नाही, त्याचे दुःख पतनाचे नाही, ते दडपणाचे आहे. ते नियतीने दिलेले नसून माणसांनी रचलेल्या व्यवस्थेने दिलेले आहे. पूर्वकर्माचे फळ म्हणून ते सोसायचे नाही, ही तर आंबेडकरी विचाराची पहिली पायरी आहे.

५

मी खारदांड्याला राहतो. कोळीवाड्याला लागून असलेल्या आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे नांदतात. पलीकडच्या खोलीतले खोकणे, भांडण, रेडिओ सारे भिंतीतून आत येते. बाहेर होड्या लागल्या की बायकांची मासळीच्या पाट्यांसाठी घाई उडते आणि बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास सगळ्यांच्या घरात सारखाच शिरतो. रविवारी संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग चालवतो. तिथे ‘हॅम्लेट’ वाचताना एका मुलीने विचारले, “सर, हा इतका वेळ एकटा राहतो तरी कसा? याच्या घरी खोल्या किती?” सगळे हसले. पण मला वाटते, स्वगतावर इतकी नेमकी टीका मी कुठल्या समीक्षाग्रंथात वाचलेली नाही. एकांत ही मालमत्ता आहे. जमीन, पाणी आणि विद्या यांच्याप्रमाणे तीही आपल्याला नाकारलेली आहे.

मग आपली माणसे स्वतःशी बोललीच नाहीत काय? बोलली. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. घर निजलेले, पुढ्यात जाते, हातात खुंटा. त्या घरघरीत ती आपल्या मेलेल्या लेकराशी, माहेराशी, देवाशी बोलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या हजारो ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही कितीतरी आहेत. या ओव्या म्हणजे आपल्या बायकांची स्वगते. फरक एवढाच की हॅम्लेट बोलताना त्याचे हात रिकामे असतात, आणि ओवी गाणारीचे हात दळत असतात. थडगी खोदणाऱ्याचे गाणेही याच जातीचे.

लिहिणाऱ्यांनीही वेगळी वाट काढली. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यात भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी फसवत असताना विदूषक मध्ये मध्ये खरे काय ते उघड करतो. ते बाजूला होऊन केलेले बोलणेच आहे, पण ते स्वतःच्या दुःखात बुडण्यासाठी नाही, प्रेक्षकाला जागे करण्यासाठी आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) शिकलेला दया पवार आणि आतला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात, एकाच माणसाने स्वतःला दोन करून स्वगताचा संवाद केला आहे. प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’त (१९७७) दोनच तरुण नाना भूमिका घेत सगळा गाव उभा करतात. दत्ता भगतांच्या ‘वाटा पळवाटा’त प्राध्यापक सतीशचा पेच काका आणि अर्जुन यांच्याशी होणाऱ्या वादांतून उलगडतो. एकट्याचा विचार चारचौघांत आणणे ही आपल्या रंगभूमीची खरी रीत आहे.

६

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सुखाचा झाला असता. पण एक अडचणीची गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या बऱ्याच नाटकांतला नायक भाषण करतो, स्वगत करत नाही. भाषण विरोधकासाठी असते, मैदानासाठी असते. तिथे शंका दाखवून चालत नाही. स्वगत शंकेसाठीच असते. माझ्या अभ्यासवर्गातला एक कार्यकर्ता मुलगा म्हणाला, “सर, आपल्या नायकाला डळमळताना दाखवले तर ते लोक तेच आपल्याविरुद्ध वापरतील.” त्याची भीती निराधार नाही. एडमंडचे काय झाले ते आपण पाहिले. तरीही मी त्याच्याशी सहमत नाही. ज्याला शंका येत नाही तो माणूस नसतो, पोस्टर असतो. आणि आपले सगळे भांडण माणूस म्हणून गणले जाण्यासाठी आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला नाटकातला नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. जात कळल्यावर पारशी खानावळीतून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात आसरा मिळेना. गाडीच्या वेळेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. एवढी विद्या मिळवलेला माणूस, झाडाखाली, एकटा. शोकांतिकेच्या कोणत्याही नाटककाराने इथे दीर्घ स्वगत लिहिले असते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात (त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध) हा प्रसंग साध्या वाक्यांत सांगितला आहे. आपले अश्रू त्यांनी लपवले नाहीत आणि ते मिरवलेही नाहीत. हॅम्लेटच्या एकांतातून सूड निघाला आणि राजवाडा प्रेतांनी भरला. या एकांतानंतरच्या वाटेवर १९२० चे ‘मूकनायक’ आले आणि १९२७ चे महाडचे तळे आले. स्वगत कुठे संपते यावर त्याची किंमत ठरते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. हॅम्लेट परक्यांचा म्हणून टाकू नका. त्याची शंका उचला, त्याचा राजवाडा सोडा. ‘नटसम्राट’मधल्या राजाचे स्वगत लिहा, ‘मृच्छकटिक’मधल्या त्या दोन चांडाळांचे लिहा, मोर्च्यातून रात्री उशिरा घरी परतलेल्या आणि उद्या परत जावे की नाही हे ठरवू न शकणाऱ्या कार्यकर्त्याचे लिहा. त्याच्या बायकोचेही लिहा. कारण दार उघडायला ती जागी असते, आणि ती काय विचार करते हे आपल्या नाटकांनी अजून पुरेसे विचारलेले नाही. खोलीत जागा नसेल तर अभ्यासवर्गाची सतरंजी आहे, समुद्राकाठ आहे. एकांत कोणी आणून देणार नाही. इतर हक्कांसारखा तोही घ्यावा लागेल.